गुलामगिरी, प्रांतभेद आणि यादवी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिवडी येथे झालेले भाषण)



आपल्या मेळाव्यात दर वर्षी एक भाषण व्हावे ही प्रथा आमच्या आधीच्या पिढीने पाडली. हुंडा, शिक्षण, व्यसने, वधूवर-सूची या विषयांवर येथे पुष्कळ बोलले गेले आहे, आणि अधिकारी माणसांनी ते बोललेले आहे. यंदा पाळी आमच्यावर आली. आम्ही चिटणिसांस विषय कळविला : अमेरिकेतील यादवी युद्ध. चिटणीस क्षणभर गप्प राहिले व मग त्यांनी विचारले की, शिवडीच्या माणसांस अमेरिकेच्या यादवीशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, म्हणून भाषणच करावे लागत आहे.

येथून रेल्वेने बंदराकडे निघाले की पुढचेच स्टेशन कॉटन ग्रीन. या नावाचा अर्थ आपल्यातील किती तरुणांनी कधी मनाशी लावून पाहिला असेल, याची आम्हांस शंका आहे. मुंबईचा कापसाचा बाजार प्रथम कोटात, आज जेथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मैदानावर भरत असे. त्या मैदानास हिरवळ या अर्थाने इंग्रज ‘ग्रीन’ म्हणत. तेथून बाजार कुलाब्यास गेला. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीचा समुद्र हटवून जमीन केली आणि १९२० नंतरच्या दशकात कापसाच्या वखारी इकडे आल्या. बाजार हलला तसे त्याचे नावही त्याच्याबरोबर हलले. आमचे आजोबा याच वखारींत गासड्या उचलीत. हातात लोखंडी आकडा, डोक्याला फडके, आणि घरी आल्यावर अंगावरचा कापूस झटकल्याखेरीज आजी त्यांना उंबरठा ओलांडू देत नसे. आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्गणीदारांत गोदीतले, वखारीतले आणि गिरणीतलेच लोक होते. तेव्हा कापूस हा आपल्या समाजाचा अन्नदाता होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता हाच कापूस समुद्रापलीकडे काय करीत होता ते पाहू.

अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर प्रथम १६१९ मध्ये उतरविली गेली. पुढे १७७६ मध्ये त्या देशाने सर्व माणसे समान आहेत अशी घोषणा करून इंग्रजांचे राज्य झुगारले. घोषणा लिहिणारे जेफरसन स्वतः गुलामांचे धनी होते. १७८७ मध्ये राज्यघटना झाली. तिच्यात ‘गुलाम’ हा शब्द शोधून सापडत नाही. पण गुलामगिरी मात्र तीन ठिकाणी आहे. प्रतिनिधी ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावी, पळालेला गुलाम धन्यास परत करावा, आणि गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत बंदी घालू नये. नाव न घेता गोष्ट आत ठेवायची, ही युक्ती आपणांस अपरिचित नाही. वास्तविक त्या घटनाकारांपैकी अनेकांना वाटत होते की ही प्रथा आपोआप मरेल. उत्तरेकडील राज्ये एकामागून एक ती बंद करीतही होती. तंबाखूचे भाव पडले होते आणि गुलाम पोसणे परवडेनासे होत होते.

ती मेली नाही, याचे कारण एक लहानसे यंत्र. १७९३ मध्ये एली व्हिटनी या गृहस्थाने सरकीपासून रुई वेगळी करण्याचा चरक बनविला. जे काम हाताने करण्यास माणसाचा दिवस जाई ते घटकेत होऊ लागले. पण रुई वेगळी करणे सोपे झाले तरी बोंडे वेचणे हाताचेच राहिले. जितके चरक वाढले तितके वेचणारे हात अधिक लागले. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस पुरत नव्हता. परिणाम असा की, १७९० मध्ये जेथे सुमारे ७ लाख गुलाम होते, तेथे १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख झाले. यंत्र आले म्हणजे मजुराचे हाल कमी होतात असे जे पुस्तकांत लिहिलेले असते, त्याला हे एक मोठे प्रत्यंतर आहे.

येथून देशाचे दोन भाग पडत गेले. उत्तरेस कारखाने, आगगाड्या, लहान शेतकरी, परदेशांतून आलेले मजूर. दक्षिणेस कापसाचे मळे आणि मळ्यांवर गुलाम. दोन्ही भागांत भाषा तीच, धर्म तोच, घटना तीच आणि पूर्वजही एकाच लढ्यात लढलेले. प्रश्न उभा राहिला तो पश्चिमेकडील नव्या मुलखाचा : तेथे जी नवी राज्ये होतील ती गुलामांची की मोकळ्या मजुरांची? १८२० मध्ये तडजोड झाली आणि नकाशावर ३६ अंश ३० कलांची रेघ ओढली गेली. मिसुरीखेरीज त्या मुलखात रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. रेघ ओढली की भांडण मिटते असे शहाण्या माणसांना नेहमी वाटत आले आहे. ३४ वर्षांनी, १८५४ च्या कायद्याने ती रेघ पुसली गेली आणि कॅन्सस प्रांतात दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन वस्तीस धावले. १८५६ मध्ये दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने उत्तरेच्या सम्नर नामक सिनेटरास प्रत्यक्ष सिनेटच्या दालनात काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. त्यावर दक्षिणेतून त्या प्रतिनिधीस नव्या काठ्या भेट म्हणून आल्या. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या दाव्यात निवाडा दिला की, आफ्रिकन वंशाचा मनुष्य, गुलाम असो वा मोकळा, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. कायदेमंडळ थकले, तेव्हा न्यायमंदिराने जे बांध उरले होते तेही फोडले.

या सर्व घटनांहून आमच्या मनावर अधिक ठसा उमटविणारी एक गोष्ट आहे, आणि इतिहासाच्या शालेय पुस्तकांत तिला दोन ओळीही मिळत नाहीत. देश फुटला १८६० च्या डिसेंबरात. पण त्याच्या सोळा वर्षे आधी, १८४४ मध्ये, मेथॉडिस्ट पंथाची संस्था फुटली. गुलाम बाळगणारा मनुष्य बिशप असू शकतो काय, यावर उत्तर-दक्षिण असे दोन पंथ झाले. पुढच्याच वर्षी बॅप्टिस्टांचेही तेच झाले. एकत्र प्रार्थना करणारे, एकमेकांच्या मुलांचे बारसे आणि मयताचे संस्कार करणारे लोक वेगळ्या हिशेबवह्या घालून बसले. दक्षिणेचा पुढारी कॅल्हून, जो गुलामगिरीचा कट्टर कैवारी होता, त्याने १८५० मध्ये मरणापूर्वी सिनेटपुढे ठेवलेल्या शेवटच्या मोठ्या भाषणात हीच गोष्ट दाखवून दिली की, देशास बांधणारे धागे एकेक करून तुटत आहेत आणि धर्मसंस्थांचे धागे आधी तुटले. निदान त्याच्या बोटाने जागा तरी बरोबर दाखविली. राज्य हे शेवटी फुटते. मंडळे, पंथ, वाचनालये, लग्नाच्या पंगती या आधी फुटलेल्या असतात.

लिंकन १८६० च्या नोव्हेंबरात अध्यक्ष निवडून आले. जेथे गुलामगिरी आहे तेथे हात लावणार नाही, नव्या मुलखात मात्र पसरू देणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २० डिसेंबरास दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टरच्या किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. शेवटी अकरा राज्ये बाहेर पडली. त्यांची लोकसंख्या सुमारे ९० लाख आणि त्यांतील ३५ लाख गुलाम होते.

नंतरच्या काळात दक्षिणेच्या वारसांनी असे सांगण्यास आरंभ केला की, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, ते प्रांतांच्या हक्कांसाठी होते. हे खोटे आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच कागदांत आहे. दक्षिण कॅरोलिनाने बाहेर पडण्याची जी कारणे जाहीर केली, त्यांत उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत हे गाऱ्हाणे ठळक आहे. म्हणजे उत्तरेच्या प्रांतांनी आपला हक्क बजावला हीच त्यांची तक्रार! १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा दक्षिणेने मागून घेतला, आणि तो उत्तरेच्या प्रांतांचे हक्क बाजूस सारूनच झालेला होता. प्रांताचा अभिमान हा पुष्कळदा खांद्यावरच्या उपरण्यासारखा असतो. त्याखाली काय झाकले आहे ते उचलून पाहावे लागते.

तरीही एक कोडे उरते. दक्षिणेतील गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे एक-चतुर्थांशच गुलामांचे धनी होते. उरलेले गरीब होते, आपली जमीन आपण कसणारे होते. मग ते लाखोंनी का मेले? कोणी म्हणतील, सक्तीची भरती होती. ती होती. कोणी म्हणतील, सैन्य आपल्या दारावर आले तर मनुष्य लढतोच. तेही खरे. पण आणखी एक कारण कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात युद्धानंतरच्या काळाच्या संदर्भात मांडले आहे. गरीब गोऱ्यास मजुरी थोडी मिळे, पण तिच्यावर एक अदृश्य भत्ता मिळे. तो म्हणजे आपल्याखाली कोणी तरी आहे हा मान. हा भत्ता वाटणाऱ्याचे काही खर्च होत नाही, म्हणून तो भरपूर वाटला जातो.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमचे चुलते आठवले. ते गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी कोणती ते सांगण्याचे कारण नाही, ती आज उभी नाही आणि त्या काळी बहुतेक ठिकाणी हाच प्रकार होता. साचेखात्यात पगार बरा असे. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या समाजांची माणसे नसत. त्यांस सूत काढण्याच्या खात्यांत, कमी पगारावर घेत. आम्ही लहानपणी चुलत्यांना विचारले की असे का? ते सहज म्हणाले, “अरे, धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो.” मग आम्ही विचारले, ही बंदी साहेबाने घातली होती काय? चुलते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही. आम्हीच.” आमचे चुलते वाईट माणूस नव्हते. १९८२ च्या १८ जानेवारीस संप सुरू झाला तेव्हा निवृत्त असूनही ते रोज गेटवर जाऊन बसत. परंतु ‘आम्हीच’ हा त्यांचा शब्द आमच्या कानांतून अद्याप गेलेला नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच अट पुढाऱ्यांपुढे ठेवली होती की, साचेखात्याची दारे अस्पृश्यांस उघडा. पुढाऱ्यांनी मागणी मान्य केली ती नाखुशीने, आणि खात्यात पुढे बराच काळ फरक पडला नाही. एका पगारासाठी एकत्र लढणाऱ्या माणसांस एक धोटा चालत नव्हता.

असो. युद्धाकडे परत येऊ.

युद्ध चार वर्षे चालले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर मुलखातील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षीच्या जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचे कंबरडे मोडले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले, पाचच दिवसांनी लिंकन यांस गोळी लागली. मेलेल्या सैनिकांची संख्या पूर्वी सुमारे ६ लाख २० हजार धरीत, अलीकडचे अभ्यासक ती साडेसात लाखांपर्यंत नेतात. डिसेंबरात घटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली.

आणि इकडे मुंबईत? उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. लँकेशायरचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेचा, तो थांबला. तेथे गिरण्या बंद पडून मजूर उपाशी पडले, आणि मुंबईत खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथून येणाऱ्या कापसाचा भाव आकाशास भिडला. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे नेहमीच्या किमतीहून सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक या शहराच्या पदरात पडले. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, भागांचे कागद सोन्याहून महाग झाले. राजाबाई टॉवर ज्या देणगीतून उभा राहिला ती याच भरभराटीतली. मग अमेरिकेत तह झाल्याची वार्ता आली. भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली आणि लक्षाधीश एका दिवसात दिवाळखोर झाले. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली.

शहर सावरले. शेतकऱ्याचे तसे झाले नाही. तेजीच्या वर्षांत सावकाराने हात सैल सोडला होता, आता तो आवळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढविला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले, आणि हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी मंडळानेही कारणांचा माग काढताना अमेरिकन युद्धापर्यंत पाऊल टाकले आहे. जॉर्जियाच्या मळ्यावरील गुलामाची बेडी तुटली तिचा हिसका सुप्याच्या कुणब्यास बसावा, हा काही दैवाचा खेळ नव्हता. दोघांच्या हाताला कापसाचीच दोरी बांधलेली होती.

या सर्व गदारोळात आपल्याकडे एकाच माणसाने त्या युद्धाचा अर्थ नफा-तोट्यापलीकडे नेला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केले. त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरास पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्या समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे परळ-लालबागच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, आणि १८९० पासून मिळू लागलेल्या रविवारच्या सुटीचे श्रेय आपण त्यांनाच देतो. जोतीरावांवर त्या काळी आणि नंतरही आक्षेप आला की, हा शब्द अतिशयोक्तीचा आहे, येथे माणसांचा बाजार कोठे भरतो?

या आक्षेपास दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, बाजार भरत होता. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ब्रिटिश सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीस कोर्टात मिळणारी मान्यता काढून घेतली आणि १८६० च्या दंडसंहितेने माणूस खरेदी करणे गुन्हा ठरविला. नाशिकजवळ शरणपूर येथे आरबांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसाठी मिशनऱ्यांनी आश्रय काढला होता. संशोधक लिव्हिंग्स्टनचे प्रेत ज्यांनी आफ्रिकेच्या अरण्यातून समुद्रापर्यंत आणले, त्यांतील जेकब वेनराइट हा नाशिकलाच शिकलेला. आपल्या शिवडीच्या किल्ल्यालाही हा इतिहास चाटून गेला आहे. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रज हवालदिल झाले होते. आणि हे सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आलेल्या हबशांचे वंशज. अहमदनगरचा वजीर मलिक अंबर तर स्वतः अनेकदा विकला गेलेला. म्हणजे गुलामही होते आणि गुलामाचा वजीरही होत होता. येथे दास्य रंगाला कायमचे शिवलेले नव्हते, आणि सबंध प्रांताचे पोट त्यावर चालत नव्हते. म्हणून त्या दास्यावरून येथे सैन्ये उभी राहिली नाहीत. प्रांतभेदावरून मात्र राहिली. दख्खनी आणि परदेशी या दोन तटांनी बहमनी राज्य आतून पोखरले. १४८१ मध्ये महमूद गावान यास खोट्या पत्राच्या आधाराने मारविले आणि काही वर्षांतच त्या राज्याच्या पाच शाह्या झाल्या.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. अमेरिकेत मोकळ्या आणि बांधलेल्या माणसांमधील रेघ नकाशावर ओढता येत होती. एका बाजूस एक सैन्य, दुसऱ्या बाजूस दुसरे. आपल्याकडे ती रेघ प्रत्येक गावाच्या वेशीतून, प्रत्येक पाणवठ्यावरून, आणि आमच्या चुलत्यांच्या बाबतीत साचेखात्याच्या दारातून जात होती. म्हणून येथे यादवी झाली नाही. पण म्हणूनच येथे शरणागतीचा दिवसही उगवला नाही, की ज्याची तारीख मुलांस पाठ करावयास सांगता येईल. महार वतन रद्द करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले आणि वतने प्रत्यक्ष गेली ती १९५९ मध्ये. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. अमेरिकेतही तह म्हणजे शेवट नव्हता हे सांगितले पाहिजे. १८७७ नंतर दक्षिणेत मुक्त झालेल्यांचे मत पुन्हा हिरावले गेले आणि ते परत मिळण्यास १९६५ उजाडावे लागले.

आमच्या पिढीतील काही मंडळींस प्रांतभेद हा शब्दच खटकेल, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच लालबाग-परळ-शिवडीची माणसे रस्त्यावर होती आणि शंभराहून अधिक हुतात्मे झाले. आम्ही त्या लढ्यास प्रांतभेद मानीत नाही. आपल्या भाषेचे राज्य मागणे हे दुसऱ्यास दास करणे नव्हे. त्यात रक्त सांडले, तरी निकाल १९५७ च्या मतपेट्यांतून आणि संसदेच्या कायद्यातून लागला, आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये शेजारी म्हणून उभी राहिली. भांडणाच्या तळाशी कोणाच्या मालकीची माणसे नव्हती, म्हणून ते मिटू शकले, असे आम्हांस वाटते. ज्या प्रांताला आपल्या अभिमानाखाली एखादे दास्य राखावयाचे असते, त्याचे भांडण मतपेटीने मिटत नाही. लिंकन यांची निवडणूकही मतपेटीतूनच झाली होती.

घटनाकारांना हे ठाऊक होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, राज्यांस फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरविण्यास अमेरिकेस यादवी लढावी लागली, म्हणून आपण ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आपल्या घटनेत ‘संघ’ हा शब्द आला तो याच विचाराने. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी अमेरिकेच्या एका चर्चची गोष्ट सांगितली. प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राचे कल्याण कर’ असे शब्द सुचविले गेले, तर अनेकांनी राष्ट्र या शब्दासच हरकत घेतली आणि ‘या संयुक्त संस्थानांचे’ असा बदल झाला. अमेरिकनांस जर आपण एक राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्यांस ते वाटणे किती कठीण, असा त्यांचा रोख होता. आणि जाती या राष्ट्रविरोधी आहेत असे त्यांनी तेथेच निक्षून सांगितले. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगताना आमची जीभ थोडी अडखळते, हे कबूल करतो. आपले मंडळ गावाहून आलेल्या पोरक्या मुलांस खोली मिळावी, आजाऱ्यास औषध मिळावे, मयतास खांदा मिळावा म्हणून निघाले. ते काम त्या काळी दुसरे कोणी करीत नव्हते. परंतु दार कोणासाठी उघडले जाते याबरोबर ते कोणासाठी बंद होते हेही हिशेबात धरावे लागते.

आता घरचा विषय. गेल्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आला होता, घाटावरील आणि कोकणातील बांधवांची मंडळे निराळी करावीत आणि इमारत निधी वर्गणीच्या प्रमाणात वाटून घ्यावा. ठराव तहकूब झाला, तो पुढील महिन्यात पुन्हा येणार आहे. ठराव मांडणारे आमचे मित्र आहेत आणि त्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. गेली सात वर्षे चिटणीस एकाच बाजूचे झाले, शिष्यवृत्तीच्या यादीत एकाच तालुक्याची नावे दिसतात, आणि पंगतीत कोण कोठे बसतो हे आम्हीही पाहतो. ही तक्रार मान्य करून चिटणीसपद आळीपाळीने देण्याचे ठरवावे आणि शिष्यवृत्तीची यादी फलकावर लावावी, असे आमचे मत आहे. निराळे होण्याच्या ठरावास मात्र आम्ही विरोध करू. निधी वाटून घेता येईल, पण स्मशानात खांदा देणाऱ्यांची वाटणी कशी करावयाची हे ठरावात लिहिलेले नाही.

याच सभेसाठी आम्ही दुसरा एक ठराव दिला आहे. मंडळाचे वाचनालय आणि अभ्यासिका आसपासच्या चाळींतील व इमारतींतील कोणत्याही समाजाच्या विद्यार्थ्यास खुली असावी, आणि शिष्यवृत्तीच्या दर पाचांपैकी दोन आपल्या समाजाबाहेरच्या मुलामुलींस द्याव्यात. पैशाचे गणित कोषाध्यक्षांकडे दिले आहे, वर्गणी न वाढविता ते बसते. काही ज्येष्ठांनी आम्हांस खाजगीत सांगितले की, असे केल्यास वर्गणीदार कमी होतील. होतील कदाचित. ठरावाखाली सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे आणि कागद चिटणिसांच्या टेबलावर आहे.